कृपया येथे बसू नये

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पंगत आली असेल, ताटाभोवतीची रांगोळी आली असेल. मी तसला पाट नव्हे. टॅमरॅक गावच्या हार्मन थिएटरात, बाल्कनीच्या डाव्या अंगाला, जिना चढून आले की उजव्या हाताच्या भिंतीत मला बिजागरीने बसवलेले आहे. खाली ओढला की मी आडवा होतो, सोडला की आपसूक वर जाऊन भिंतीला चिकटतो. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर. प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवणाऱ्या माणसाला घटकाभर टेकता यावे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

तो झाला १९२६ साली. एमिल ब्रांट नावाच्या सुताराने मेपलच्या एका फळीतून मला घडवले. मालकाला आधी साधी खुर्चीच ठेवायची होती. पण आगीच्या बंबाचा साहेब येऊन बजावून गेला, की जाण्यायेण्याच्या वाटेत खुर्ची दिसली तर थिएटरला टाळे लावीन. म्हणून एमिलने ही उघडमिटीची युक्ती काढली आणि माझ्या पाठीत स्प्रिंग घातली. मालक त्याच्याहून बेरकी होता. पगारी माणसाला डुलकी लागू नये म्हणून त्याने मला पुढच्या बाजूला किंचित उतार द्यायला लावला. माझ्यावर बसलेल्याचा डोळा लागला की तो घसरलाच म्हणून समजा. एमिलने माझ्या पोटाखाली पेन्सिलीने आपले नाव आणि तारीख घातली, मान हलवली आणि हत्यारे गोळा करून तो निघून गेला.

थिएटर उघडले तेव्हा सारे गाव मखमली खुर्च्यांवरून हात फिरवत होते. झुंबराकडे बघून लोकांच्या माना अवघडल्या. माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे फारसे वाईटही वाटले नाही. आमच्या जातीला कौतुक माहीतच नसते. पितळी बटणांचे कोट घातलेली माणसे यायची, दिवे मंदावले की माझ्यावर टेकायची, कोणी उशिरा आले की ताडकन उठायची. चाळीस वर्षे हे असे चालले. मग गावाने घरोघरी टीव्ही आणले आणि थिएटरला कुलूप लागले. पंधरा वर्षे बाल्कनीत फक्त कबुतरे होती. त्यांनी माझी जी दशा केली ती सांगण्यासारखी नाही.

पुढे गावातल्याच लोकांनी थिएटर वाचवले, झाडले, रंगवले. पण पगार देऊन माणसे ठेवण्याइतके बळ नव्हते. मग ज्याला हौस असेल त्याने काळे जाकीट घालावे, दाराशी उभे राहावे, लोकांना बसवावे आणि फुकटात प्रयोग बघावा असे ठरले. ह्या बिनपगारी मंडळींतच एके दिवशी व्हर्ना टॉलेफसन आली.

ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. चीजच्या कारखान्यात कारकून होती. नवरा वारून वर्ष झाले होते, मूलबाळ नव्हते. नणंदेने तिला जवळजवळ बखोटीला धरून जिना चढवला होता. बाल्कनीची उजवी बाजू ऑरिन येलिनेककडे होती. तो शाळेची बस चालवायचा आणि त्याची जीभ बसपेक्षा जोरात धावायची.

"मी नक्की काय करायचं?" व्हर्नाने त्याला विचारले.

"लोकांना बसवायचं," ऑरिन म्हणाला. "आणि ते उठायच्या आत आपण दोन मिनिटं बसून घ्यायचं. त्यापलीकडे ह्या कामात काही नाही."

तिने मला इतक्या जोरात ओढले की सोडताना तिचे बोट माझ्यात चेमटले. आमची ओळख ही अशी झाली. दुसऱ्या दिवशी ती जुन्या लोकरी शालीची चौघडी शिवून घेऊन आली आणि ती तिने माझ्यावर बांधली. साठ-सत्तर वर्षांत माझ्या अंगावर काही घालावे असे कोणाच्या मनात आले नव्हते. मला त्या दिवशी काय वाटले ते मी सांगू शकत नाही, आणि मला तोंड असते तरी सांगता आले नसते.

व्हर्नाची कामाची तऱ्हा निराळी होती. बाकीचे बोट दाखवून मोकळे होतात. ती प्रत्येकाला त्याच्या रांगेपर्यंत सोडायची. आमच्या बाल्कनीचा उतार खडा आहे आणि पायऱ्या एकसारख्या नाहीत. म्हणून ती म्हाताऱ्या माणसांच्या पुढे, एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उलटी उतरायची. बॅटरीचा झोत त्यांच्या पायांशी. "सावकाश. इथं पायरी आहे," असे प्रत्येक पायरीला म्हणायची. कोणी पडलेच तर ते आपल्या अंगावर पडावे, असा तिचा हिशेब होता. ऑरिन तिला चिडवायचा, "अगं, एखादा दोनशे पौंडी गडी कोसळला तर तुला खरवडून काढावं लागेल." ती म्हणायची, "काढ मग. बसमध्ये काय काय खरवडलंयस, सवय आहे तुला."

एका जानेवारीतली गोष्ट मला आठवते. शेतावरचे एक म्हातारे जोडपे चाळीस मैल बर्फातून गाडी हाकत आले, आणि त्यांची तिकिटे निघाली दुसऱ्या दिवशीची. थिएटर तर भरलेले.

"मी सांगत होतो तुला," म्हातारा बायकोला म्हणाला.

"काय सांगत होतास? तू गाडीत बसून भोंगा वाजवत होतास."

व्हर्नाने भांडण वाढू दिले नाही. शेवटच्या रांगेत एकच खुर्ची मोकळी होती, तिच्यात तिने म्हाताऱ्याला बसवले. बाईंना बसवले माझ्यावर. स्वतः सगळा प्रयोग उभी राहिली. बाई दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा व्हर्नाने त्यांना सावरले. जाताना त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले होते.

अशी एकतीस वर्षे गेली. लोक स्थिरावले की ती माझ्यावर बसायची आणि मागे भिंतीला डोके टेकून ऐकायची. त्या जागी भिंतीच्या रंगावर तिच्या केसांचा बशीएवढा डाग पडला होता. मध्यंतरात ऑरिन पलीकडून यायचा आणि तिच्या डब्यातल्या रुबार्बच्या, म्हणजे एका आंबट देठाच्या भाजीच्या, गोड वड्या दोघे चोरून खायचे. बाल्कनीत खायला बंदी होती आणि ती बंदी सांगणारेही हेच दोघे. एकदा तो तिला म्हणाला, "तुला कंटाळा कसा येत नाही गं?"

"घरी आठ खुर्च्या आहेत माझ्या," ती म्हणाली. "बसवायला माणूस नाही. इथं दोनशे माणसं मला विचारल्याशिवाय बसत नाहीत."

मित्रांनो, ह्यापुढची गोष्ट सांगताना माझे लाकूड आखडते. तीन वर्षांपूर्वी व्हर्नाचा डावा खुबा गेला. हे सगळ्यांच्या आधी मला कळले, कारण तिचे वजन माझ्यावर एका बाजूने पडू लागले. डॉक्टरने सांधा बदलायला सांगितले. तिचे हृदय तेवढी भूल सोसणार नाही असेही त्यानेच सांगितले. आमच्याकडे दरवर्षी स्वयंसेवकांना एक कागद भरून द्यावा लागतो. 'प्रयोग संपेपर्यंत आपली जागा न सोडता दोन तास उभे राहू शकता काय?' असा त्यात प्रश्न असतो. व्हर्ना दरवर्षी त्यापुढे 'होय' लिहायची. "टेकून उभं राहणं म्हणजे उभंच की," असे ती मला थोपटत म्हणायची. दहा मिनिटे काम, मग मी. पुन्हा पाच मिनिटे काम, मग मी. आम्हा दोघांचे मिळून निभत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. ऑरिनला तेवढा होता.

मग थिएटरच्या डागडुजीचे ठरले. शंभर वर्षांपूर्वी होते तसे हुबेहूब करायचे म्हणून आठ महिने बंद ठेवायचे. नकाशे आले. थिएटरची व्यवस्थापक मार्सी फोगल हिने ते बाल्कनीच्या कठड्यावर पसरून दोघांना दाखवले. ऑरिनने नकाशावर बोट फिरवले आणि ते माझ्या भिंतीपाशी थांबले. भिंत कोरी होती. मी नव्हतोच.

मार्सी खाली गेल्यावर व्हर्ना माझ्यावर बसली. "मी थिएटरच्या वारसा समितीला पत्र लिहिते," ती म्हणाली.

"पाटासाठी पत्र? उद्या कचऱ्याच्या डब्यासाठी लिहिशील."

"आधी तुझ्यासाठी लिहिते, मग डब्यासाठी."

ऑरिन हसला नाही. "व्हर्ना, सरळ सांग ना त्यांना. खुबा गेलाय, बसायला लागतं. एवढं वाक्य पुरे आहे."

"आणि मग? मग मला खाली कोटांच्या खिडकीत, लोकांचे कोट सांभाळायला नेऊन बसवतील. तिथं काय ऐकू येतं? टाळ्या. आणि दिसतं काय? कोट." तिने माझ्या कडेवरून हात फिरवला. "त्यांना माझ्यासाठी काही ठेवायचं नाहीये. जुन्या वस्तूसाठी ठेवतील."

तिने तसेच केले. पत्रात खुब्याचा एक शब्द नव्हता. तिने ते माझ्यावर बसूनच ऑरिनला वाचून दाखवले. 'हा पाट ह्या थिएटरचा ठेवा आहे,' तिने लिहिले होते. 'शंभर वर्षे लोकांना जागा दाखवणारी माणसे ह्यावर टेकली. हा गेला तर ती माणसे होती हेही कोणाला कळणार नाही.' मी ऐकत होतो. माझ्याबद्दल कोणी असे काही लिहील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मी फुशारलो, हे कबूल करतो. आता त्या फुशारकीची मला लाज वाटते.

पत्र वाचून वारसा समितीचे डग्लस प्रेंटिस स्वतः बाल्कनीत आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला मापले, माझे फोटो काढले आणि चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर पाठीवर झोपून माझ्या पोटाखाली बॅटरी धरली.

"इथं नाव आहे," ते खालूनच म्हणाले. "एमिल ब्रांट. मार्च एकोणीसशे सव्वीस. टॉलेफसनबाई, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे? ह्याला आता कोणी हात लावता कामा नये."

"तेच तर म्हणते मी," व्हर्ना म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटले, जिंकलो. त्या दिवशी बाल्कनीत उघड उघड वड्या वाटल्या गेल्या. प्रेंटिससाहेबांनीही दोन खाल्ल्या.

त्यांचे ते वाक्य कामगारांनी अक्षरशः पाळले. त्यांनी व्हर्नाची शाल काढून टाकली. मला घासून पॉलिश केले. माझी बिजागरी झिजू नये म्हणून मला वर मिटवले आणि दोन्ही बाजूंनी लांब स्क्रू पिळून भिंतीत कायमचे जखडले. स्क्रूंची डोकी दिसू नयेत म्हणून त्यांवर रंगाऱ्याची लांबी भरली, वरून पुन्हा पॉलिश. भिंतीला शंभर वर्षांपूर्वीचा हिरवा रंग दिला, डाग गेला. पुढ्यात दोन पितळी खांब आणि लाल दोर आला. वर पितळेची पाटी आली : 'ह्या थिएटरचा ठेवा. लोकांना जागा दाखवणारी माणसे येथे टेकत असत. कृपया येथे बसू नये.'

पहिल्या प्रयोगाला व्हर्ना तासभर आधी आली. कठड्याला धरत, एकेका पायरीला थांबत ती वर पोचली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने पाटी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तेवढ्यात मार्सी धावत आली.

"बघितलंत? तुमचेच शब्द घातलेत. तुम्ही वाचवलात हा, व्हर्ना."

"'टेकत असत' म्हणे," व्हर्ना म्हणाली. "आणि आता कुठं टेकायचं?"

मार्सीचा चेहरा उतरला. ती वाईट बाई नाही हो. तिने खालचा ओठ चावला. "डागडुजीला मिळालेल्या अनुदानाची अट आहे. मूळ वस्तू वापरायच्या नाहीत. आणि दुसरी खुर्ची वाटेत ठेवू देत नाहीत, बंबवाले. तुम्हाला... उभं राहायला त्रास होतो का?"

खरे बोलायला ह्याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सांग, बाई, सांग. व्हर्नाने जाकीट खाली ओढून सारखे केले.

"छे. मला कसला त्रास," ती म्हणाली.

त्या प्रयोगात ती दोन्ही अंक उभी राहिली. मध्यंतरात एक बाई आपल्या लेकीला घेऊन माझ्यापाशी आली आणि पाटी वाचून म्हणाली, "बघ, पूर्वीच्या काळी डोअरकीपर इथं बसायचे बरं का." डोअरकीपर तिच्या कोपरापाशी उभी होती. दोराच्या वरून हात घालून तिने माझी कड धरली होती आणि तिच्या बोटांचा घाम माझ्या नव्या पॉलिशला लागत होता. मुलीने तिच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. आईने तिला पुढे ओढले.

"बस गं," ऑरिन येऊन कुजबुजला. "दोर काढ नि बस. मी तिकडं तोंड करतो."

"एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, ही तुमची जागा नाही, उठा. आता मी बसू?"

"पण ही तुझीच जागा आहे."

"होती. मीच लिहून दिली ना." दिवे दोनदा मिणमिणले. "जा, तुझी माणसं आली."

मला तर त्यातले खरे ठाऊक होते. ती दोर ओलांडून आली असती तरी मी उघडणार नव्हतो. तिला सांगावे तर वाचा नाही, स्क्रू सोडवावे तर हात नाहीत. माझ्यावर माणूस बसला की माझे काम सुरू होते, नाहीतर मी नुसती फळी, हे मला शंभर वर्षे माहीत होते. पण इतके निरुपयोगी मला कबुतरांच्या काळातही वाटले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी दुपारचा खेळ होता. काठी घेतलेले एक गृहस्थ उशिरा आले. पहिले गाणे संपेपर्यंत तिने त्यांना थांबवले, मग नेहमीसारखी एक पायरी खाली जाऊन, उलटी उतरू लागली. चौथ्या पायरीला तिचा खुबा दगा देऊन गेला. ती पडली नाही. त्या गृहस्थांनी काठी टाकून तिचे दंड धरले आणि तिला आपल्या अंगावर तोलून ठेवले. काठी खडखडत सहा पायऱ्या खाली गेली. दोनशे माना वळल्या.

"सावकाश, बाई," ते हळूच म्हणाले. "इथं पायरी आहे."

खेळ संपल्यावर तिने स्वतः मार्सीला वर बोलावून घेतले. एका वाक्यात सारे सांगितले. ऑरिनने थिएटर बंद होण्याआधी सुचवलेले तेच वाक्य. मार्सी रडली. "आधी सांगितलं असतंत तर मी समितीशी भांडले असते, व्हर्ना. तेव्हा काहीही करता आलं असतं. आता कागदांवर सह्या झाल्यात." व्हर्नाने तिला बॅटरी परत दिली आणि तिच्याच पाठीवरून हात फिरवला.

मार्सी गेली. बाल्कनी रिकामी झाली. ऑरिन जिन्याच्या तोंडाशी तिचा डबा घेऊन थांबला होता. व्हर्नाने इकडेतिकडे पाहिले, दोराचा आकडा काढला आणि आत येऊन माझी कड धरून खाली ओढली.

मी उघडलो नाही. तिने दोन्ही हातांनी ओढले. मित्रांनो, लाकडात जेवढा म्हणून जीव असतो तेवढा मी एकवटला. एक करकर तेवढी निघाली. स्क्रू हलले नाहीत. तिसऱ्यांदा ओढून तिने हात सोडले आणि धापा टाकत माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, आता ही रागावेल. रागावली असती तर बरे झाले असते.

"तुझीपण बिजागरी गेली होय रे," ती म्हणाली. मग तिने तळहाताने मला दोनदा थोपटले, बाहेर जाऊन दोराचा आकडा नीट अडकवला, आणि ऑरिनचा हात धरून जिना उतरू लागली. तो एक पायरी खाली होता, तिच्याकडे तोंड करून.

मला कोणीतरी मुद्दाम जखडले आहे, हे तिला अजूनही माहीत नाही. मीच म्हातारा झालो असे तिला वाटते. ती आता खाली कोटांच्या खिडकीत बसते. तिथे चांगली गादीची खुर्ची आहे. सध्या जून, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा, चालू आहे. कोट कोणी घालत नाही. ऑरिन मध्यंतरात खाली जातो आणि वरचा खेळ कसा चालला आहे ते तिला सांगून येतो. माझ्याजवळ एक नवी मुलगी असते. चांगली आहे, हसतमुख आहे. बोट दाखवून जागा सांगते. मला रोज फडक्याने पुसतात, महिन्याला तेल देतात. इतकी काळजी माझी आजवर कोणी घेतली नव्हती.

तुम्हाला मला एवढेच सांगायचे आहे. जुन्या वस्तू जरूर जपा, आम्हाला ते आवडते. पण तुमच्या गावच्या नाट्यगृहात जाल तेव्हा दाराशी कोणीतरी तुमचे तिकीट बघून तुम्हाला जागेपर्यंत सोडील. घाईत असाल, पडदा वर जात असेल, तरी क्षणभर थांबा आणि त्या माणसाला विचारा, "तुम्हाला बसायला आहे ना?" तो "मला कसला त्रास" म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका.